आक्का, त्या दिवशी बुधवार होता

आक्का,

तुझं तेरावं झालं आणि मी साताऱ्याला परत आलो. आज शाळेत नववीला वीज शिकवायची होती. टेबलावर बॅटरी, तार आणि छोटा दिवा मांडला, पण तार जोडायच्या वेळी हात थांबला. मुलांना वाटलं, सरांना पुढचं आठवत नाही. त्यांना धडा वाचायला सांगून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तुझा-माझा वाद अर्धाच राहिला, आणि आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागणार, हे तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं.

वाद एकाच गोष्टीचा होता. सांगलीच्या दवाखान्यात तुला शॉक दिले, तू बरी झालीस, घरी गेलीस आणि त्यानंतर एकही उपवास धरला नाहीस. त्याआधी आठवड्यातला जवळजवळ प्रत्येक वार तू कुठल्या ना कुठल्या देवाला देऊन टाकला होतास. मी भेटलो की विचारायचो, "आक्का, उपवास तू विसरलीस का सोडलेस?" तू चुलीत फुंकर घालायचीस नाहीतर म्हशीला हाक मारायचीस. एकदा म्हणालीस, "तू शिकलेला हायस न्हवं? मग तूच सांग." विसरली असशील, तर त्या यंत्रानं तुझ्यातलं काहीतरी कायमचं नेलं. सोडले असशील, तर तू बरी झालीस. मला दोन्हीतलं एक ठरवायचं होतं आणि तू मला ठरवू देत नव्हतीस.

मी शिकलेला आहे तो तुझ्यामुळे, हे मी गावभर सांगत आलो. तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. चौथी झाल्यावर अण्णा मला शेतात घालायला निघाले होते. तू त्यांच्यापुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "त्याच्या वाटचं मी करते. त्याला तासगावला जाऊ द्या." तेव्हा तू स्वतः परकर-पोलक्यातली होतीस, तुझी शाळाही चौथीलाच सुटली होती. मी हायस्कूलला गेलो आणि माझ्या वाटची भांगलण, मोट धरणं, वैरण सगळं तुझ्या अंगावर पडलं. आपल्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो तुझ्या हातांच्या घट्ट्यांवर उभा राहून.

निकालाच्या दिवशी तू आटपाडीकडच्या तुझ्या सासरहून एसटीनं सांगलीला आलीस. निकाल लागल्याचं कुणीतरी तुला सांगितलं होतं, पण पास का नापास ते सांगितलं नव्हतं. स्टँडवर उतरून तू थेट म्हणालीस, "आधी सांग, मग मी हासायचं का रडायचं ते बघते." मी सांगितलं. आपण स्टँडसमोर भजी खाल्ली. तू मिरचीची भजी माझ्याकडे सरकवत राहिलीस आणि दरवेळी म्हणालीस, "बीएस्सीनं खायची, चौथीनं न्हाई." माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कुठला असं कुणी विचारलं, तर मी तो सांगतो.

तो दिवस तुझ्यातून गेला. सांगलीच्या शॉकनंतर काही महिन्यांनी तू मला विचारलंस, "तुजा निकाल कवा लागला रं? मी आली हुती का?" मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. थट्टा असेल असं वाटत होतं. आजही मला ते ठरवता येत नाही.

पहिल्यांदा तुला शॉक दिले ते दुष्काळात. तुमच्याकडे तर माणसं आणि जनावरं एकाच टँकरकडे डोळे लावून होती. तू खडी फोडायला जात होतीस. एक दिवस मुकादमानं एका बाळंतिणीला कामावरून हाकललं, आणि तू सगळ्यांच्या देखत त्याला नको ते सुनावलंस. घरी दाजींनी विचारलं, "तुला कुणी शानपना करायला सांगितला हुता?" तेव्हा तू जेवणाची पितळी आपटलीस, आणि मग किती तरी दिवस घरात कुणाशी बोलली नाहीस. तेवढ्यावर ठरलं की तुझं डोकं फिरलंय. लांबच्या एका गावात एक खासगी डॉक्टर होता, तो करंट देऊन माणसं ताळ्यावर आणतो असा त्याचा बोलबाला होता. तुला तिथे नेलं.

मला कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मी आलो तेव्हा तू ओसरीवर बसली होतीस. दातांखाली येऊन जीभ चावली गेली होती, त्यामुळे शब्द जड येत होते. चौघांनी धरलं होतं, भूल नव्हती, असं तू सांगितलंस. पुढे म्हणालीस, "बापू, मला गप बसवलं रं."

तेव्हापासून मी कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. दाजींवरही नाही. विद्युतप्रवाह मी शिकवतो. मेलेल्या बेडकाचा पायही त्यानं उडतो, हे कॉलेजात मी माझ्या हातानं केलेलं आहे. बेडूक काही त्यानं बरा होत नाही.

पुढे तुझं दुसरं बाळही गेलं. त्यानंतर तू उपवास धरायला लागलीस. मी यायचो तेव्हा तुझ्या सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "गुर्जी, तुमची भन लय देवाची हाय. सोमवार म्हादेवाचा, मंगळवार देवीचा, बेस्तरवार दत्ताचा. आन शुक्रवारचं त्ये नवं निघालंय बगा, गूळ-फुटान्याचं, त्ये बी धरलंय. शनवार मारुतीचा, आयतवार सिद्धनाथाचा." शेजारणी आपापल्या सुनांना तुझं उदाहरण द्यायच्या. मलाही बरं वाटायचं. पुन्हा बाळ व्हावं म्हणून धरले असतील, मनाला काहीतरी आधार सापडला असेल, असं मी समजलो. तू वाळत चाललीस तर म्हणायचो, उपवासानं माणूस वाळणारच. तू बोलेनाशी झालीस तर सासूबाई म्हणायच्या, "मौन बी धरलंय वाटतं."

मग एक दिवस दाजींचा निरोप आला की आक्का उठत नाही, सांगलीला नेतोय. मी साताऱ्याहून निघालो. सगळ्या वाटेवर मनात एकच होतं. दाजींसाठी दुसरीकडे बोलणी चाललीत असं मी विट्याच्या एका माणसाकडून ऐकलं होतं. बायकोवर वेडाचा शिक्का बसला की दुसरं लग्न सोपं होतं, एवढं मलाही कळत होतं.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दाजी डॉक्टरांना सांगत होते, "सायब, मागं बी करंट दिला हुता, तवा सरळ आली हुती. तेच द्या." ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मध्ये पडलो आणि डॉक्टरांना विचारलं, व्होल्टेज किती, किती सेकंद, प्रवाह मेंदूच्या कुठल्या भागातून जातो. ते पन्नाशीचे, बोलायला तुटक होते. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मास्तर, ते सगळं सांगतो. आधी तुम्ही मला सांगा, ही जेवते काय?"

मी म्हटलं, "तिचे उपवास असतात," आणि सासूबाईंनी एकेक वार बोटांवर मोजून सांगितला.

"उपवासाला काय खाते?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "शाबू करतो की. वरी करतो. केळं बी आनतो."

"करता ते कळलं. खाताना तुम्ही बघितलंय?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "ती आत घिऊन जाती ताट. देवापुढं बसून खाती म्हंती."

"आणि बुधवारी? बुधवार तुम्ही सांगितलाच नाही."

"बुदवारी व्हय," सासूबाईंनी जरा विचार केला, "बुदवारी तिला भूकच नसती."

आक्का, हसावं का रडावं हे तेव्हा मला कळलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीचा नातेवाईक मात्र फिसकन हसला.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून सांगितलं. "हे औषध रागाला नाही. भांडणाला नाही. सून उलट बोलते म्हणून तर नाहीच नाही. मागच्या वेळी हिला काही झालंच नव्हतं, तेव्हा दिलं ते चूक होतं. पण आता हिनं खाणं सोडलंय, पाणी सोडायला लागलीय, हात उचलून ठेवला तर तसाच राहतोय. गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात. तेवढे आठवडे हिच्यापाशी आहेत असं मला वाटत नाही. अशा माणसाला मी शॉक देतो, भूल देऊन देतो. जीव द्यायला टपलेल्यालाही देतो. बाकीच्यांना हात लावत नाही."

"आणि विसरण्याचं काय?" मी विचारलं.

"मधलं काही पुसलं जाईल. बरंचसं परत येतं. सगळं येईल असं मी म्हणणार नाही."

त्यांच्या खरेपणाचासुद्धा मला संशय आला. आधीच असं सांगून ठेवलं की पुढे कुणी जाब विचारायचा नाही, अशी ती तजवीज असेल. दाजी सही करायला तयार होते आणि त्यांची घाई बघून माझा नकार घट्ट होत होता. मी म्हणालो, "मला एक दिवस द्या. माझ्या हातनं ती खाईल."

डॉक्टर म्हणाले, "सलाइन लावलंय. उद्या या वेळेपर्यंत बघा. त्यापुढं मी थांबा म्हणणार नाही."

त्या दिवशी सांगलीत जे मिळालं ते मी आणलं. दूध आणलं, मऊ भात आणला, तुला आवडायचा तो पेढा आणला. तासगावची द्राक्षं आणली आणि एकेक मणी सोलून तुझ्या ओठाला लावला. ओठ मिटलेलेच राहिले. तुझे डोळे उघडे होते, पण ते माझ्या पलीकडे कुठेतरी लागले होते. मी तुला निकालाचा दिवस सांगितला, मिरचीची भजी सांगितली. खूप वेळानं तुझे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"सोमवार हाय," तू म्हणालीस.

आक्का, त्या दिवशी बुधवार होता.

मी द्राक्षं खाली ठेवली. तुझ्या सगळ्या उपवासांमागे देव आहे असं मी धरून चाललो होतो. त्या दोन शब्दांमागे कुणी नव्हतं. तुझ्याकडे 'मला नको' म्हणायची ताकद उरली नव्हती, म्हणून तू वाराचं नाव सांगत होतीस. आणि आपल्याकडे कुणी वाराचं नाव सांगितलं, की पुढे कुणी विचारत नाही.

मी डॉक्टरांकडे गेलो आणि माझी हरकत मागे घेतली. दाजींनी सही केली. एकदा चुकली, परत केली. तेही मी बघितलं, आणि त्याचाही अर्थ मी वाईटच लावला.

आदल्या रात्रीपासून तोंडात काही जाता कामा नये, असं नर्सनं बजावलं. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "म्हंजी हितं बी उपासच की." नर्स हसली. डॉक्टरही हसले, तेव्हा एकदाच.

पहिल्या शॉकनंतर काही झालं नाही. दुसऱ्यानंतर तू पाणी मागितलंस. मी दारात उभा राहून प्रत्येक वेळी बघायचो, कुणी तुला दाबून धरत नाही ना, भूल खरंच देतात ना. नर्सनं मला "इन्स्पेक्टर" असं नाव ठेवलं होतं. मग एका सकाळी तू उठून बसलीस. केस मागे घेतलेस आणि सासूबाईंना म्हणालीस, "आत्ती, भूक लागलीया. भाकरी हाय का? आन खरडा?"

सासूबाई घाबरल्या. म्हणाल्या, "आगं, आज सोमवार हाय."

खरंच सोमवार होता.

"आसू दे," तू म्हणालीस.

तू भाकरी खाल्लीस. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खरडा खाल्लास. सासूबाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "गुर्जी, त्या करंटनं पोरगी देव बी इसरली वो." डॉक्टर म्हणाले की हेच हवं होतं. मला सासूबाईंचं पटलं आणि डॉक्टरांचंही पटलं. तिथूनच माझा तुझ्याशी वाद सुरू झाला.

पुढची वर्षं तू जगलीस, आणि चांगली जगलीस. हे मी लिहून ठेवतो, कारण माझ्या संशयापायी ते झाकलं जाऊ नये. दाजींनी दुसरं लग्न केलं नाही. विट्याचा तो माणूस काय ऐकून आला होता कोण जाणे. नागपंचमीला तू शिराळ्याला आलीस, गर्दीत हरवलीस आणि रसाच्या गाड्यावर सापडलीस. माझ्या लग्नात तू वरमाईपेक्षा जास्त भांडलीस. मी दवाखान्याचा विषय काढला की मात्र म्हणायचीस, "मला त्यातलं काय बी याद न्हाई. कशाला उकरतुयास?" मी तुझ्याकडे रोखून बघायचो. तू नजर द्यायची नाहीस. विसरलेलं माणूस नजर चुकवत नाही, असं मला वाटायचं. पण मग निकालाचा दिवस? तो विचारताना तू सरळ माझ्या डोळ्यांत बघत होतीस.

या खेपेला दाजींचा निरोप आला तो एवढाच: परत तेच, जेवत नाही, पडून आहे. आम्ही सगळे एकाच दिशेनं धावलो. तेच सांगली, तेच डॉक्टर. आता मीच म्हणालो, "डॉक्टर, मागं गुण आला होता. तेच द्या." दाजींचं जुनं वाक्य माझ्या तोंडून निघालं.

डॉक्टर तुझ्याशी बराच वेळ बोलले. तू नीट उत्तरं दिलीस. बरगड्यांखाली त्यांनी हात दाबला तेव्हा तू कळवळलीस. त्यांनी तुझी पापणी खाली ओढून आम्हाला दाखवली. "हे मनाचं दुखणं नाही, कावीळ आहे. यकृत सुजलंय. हिला शॉक द्यायचा नाही." मी म्हणालो, "पण जेवत नाही." ते म्हणाले, "मास्तर, प्रत्येक न जेवणं एकच नसतं." त्यांचा मला रागच आला. जे औषध नको म्हणून मी एकदा अडून बसलो होतो, तेच आता ते देत नाहीत म्हणून मला त्यांचा संशय येत होता.

तुला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. दिवसेंदिवस तू पिवळी होत गेलीस. सासूबाई पेजेची वाटी घेऊन तुझ्यापुढे बसून असायच्या. तुझ्या पोटात काही ठरत नव्हतं, आणि वाटी परत गेली की त्यांचा चेहरा उतरायचा. परत तेच, परत तेच, असं त्या पुटपुटायच्या. एका दुपारी त्या वाटी विसळायला बाहेर गेल्या. तू मला खुणेनं जवळ बोलावलंस.

"बापू, आत्तीस्नी सांग, आज सोमवार हाय म्हनून. म्हंजी त्या घाबरायच्या न्हाईत."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सोमवार नव्हता. तुझ्याकडे वळून बघितलं तर तू हसत होतीस. थट्टा करताना हसायचीस तशीच, मिरचीची भजी माझ्याकडे सरकवताना हसली होतीस तशीच.

म्हणजे तुला आठवत होतं. तो बुधवार, माझ्या हातातली द्राक्षं, तुझे ते दोन शब्द, सगळं. मी काही विचारणार तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यानंतर तू शुद्धीत फारशी राहिलीच नाहीस.

मग उपवास तू सोडले होतेस, आक्का. एवढं मी आता धरून चालतो. पण निकालाचा दिवस? तो खरंच पुसला गेला होता, का त्याच्याशीही तू खेळ केलास? त्या यंत्रानं तुला वाचवलं, हे मी मान्य करतो. काहीच नेलं नाही, हे अजून मान्य करत नाही. आणि पहिल्या वेळचं तर मी कधीच कुणाला माफ करणार नाही. हा वाद मी तुझ्याशी पुढेही घालीन.

एकच सांगायचं राहिलं. तेराव्याच्या पंगती उठल्या तेव्हा तुझ्या सासूबाई कुठे दिसेनात. बघितलं तर तुझ्या चुलीपाशी बसलेल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, जेवलात का?"

"माजा उपास हाय, गुर्जी."

"कुठला?"

त्यांनी वर बघितलं. वार शोधायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाल्या, "सोमवार."

मी पानात भात वाढला, वर वरण घातलं आणि ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. मी परत त्यांच्याकडे सरकवलं आणि समोर मांडी घालून बसलो.

"तुमाला साताऱ्याची गाडी न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"आहे. जाऊ दे."

मग त्यांनी एक घास घेतला. रडत रडत दुसरा घेतला. तू नसताना, तुझ्या चुलीपाशी, तुझी सासू जेवली, आक्का. मी बघितलं.